मुरासेचे कान

क्योतोत तक्रार करायची असली की माणसं कौतुक करतात. त्यामुळे ऑक्टोबरात ओकुदा ह्या गिऱ्हाइकांचा फोन आला, "मुरासेसान, काय भरदार वाजतात हो तुमचे स्पीकर! शेजारीही खूश असतील," तेव्हा मुरासेला त्यातली तक्रार लगेच कळली.

मुरासे तेत्सुओ घरगुती स्पीकर बनवायचा. ज्याच्या घरी ते वाजायचे, त्याच्या खोलीत आधी जाऊन बसायचा. टाळ्या वाजवून बघायचा, आवाज कुठे घुमतो, कुठे जिरतो ते ऐकायचा आणि मग त्या खोलीला साजेशी लाकडी पेटी करायचा. मापाची यंत्रं होती त्याच्याकडे, पण सगळी भिस्त कानांवर. त्याच्या वडिलांचे कान साठीला गेले होते, आणि आता मुरासेलाही साठी लागली होती.

हल्ली बायको काही बोलली की तो "हं?" करायचा.

"अगं फुमिए, मोठ्यानं बोल की जरा!"

"मोठ्यानंच बोलतेय. तुमचं लक्ष नसतं."

लक्ष नसतं की कान नसतात, ह्या विचारानं त्याची झोप उडाली होती. त्यात हा फोन. ओकुदांचे स्पीकर त्यानं ऑगस्टात त्यांच्या खोलीत बसून स्वतः जुळवले होते. खर्ज थोडा पातळ वाटला म्हणून वाढवलाही होता. म्हणजे खर्ज पातळ नव्हताच, आपल्यालाच तो ऐकू येत नव्हता!

"जाऊन ऐकून येतो," तो फुमिएला म्हणाला. "कान गेले असतील तर कारखाना बंद. लोकांच्या घरात गोंगाट बसवून द्यायचा नाही मला."

तिनं ओकुदांसाठी सलगमाचं लोणचं तेवढं बांधून दिलं.

ओकुदांनी चेलोची तबकडी लावली, आणि मुरासेनं कपाळाला हात लावला. रिकाम्या पिंपावर कुणी थापा मारतंय असा आवाज!

"भरदार आहे, नाही?" ओकुदा अदबीनं म्हणाले.

"भरदार कसला, घुमतोय नुसता. स्पष्ट बोला की."

"बरं झालं तुम्हीच म्हणालात," ओकुदा म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मुरासेचा मात्र आणखीच टांगणीला लागला. आज घुमणं ऐकू येतंय, मग तेव्हा का आलं नव्हतं? कान गेलेले परवडले, पण असे लहरी कान घेऊन धंदा कसा करायचा? पेटीची मागची फळी काढून त्यानं तारा पाहिल्या, सांधे चाचपले. सगळं जागच्या जागी होतं. फळी परत बसवली. तबकडी पुन्हा लावली. तेच रडगाणं.

एवढ्यात ओकुदांच्या बायकोनं गुडघे टेकून दार सरकवलं आणि चहाचा ट्रे आत ठेवला. चेलो एकदम मोकळा झाला. थेट ऑगस्टातला! तिनं आत येऊन दार लावलं, की पिंप पुन्हा सुरू.

"वहिनी, दार उघडा!"

"अगंबाई, काय झालं?"

"उघडा आधी! आता लावा. पुन्हा उघडा!"

"खेळ चाललाय काय तुमचा? चहा गार होतोय," ओकुदा कुरकुरले.

मुरासे दाराकडे बघत राहिला. दोन्ही बाजूंनी जाड कागद चिकटवलेलं, पाइनची चित्रं काढलेलं दार. ऑगस्टात इथे बोरूच्या काड्यांची दारं होती! ह्या गावात जून आला की कागदी दारं माळ्यावर जातात, वारा खेळावा म्हणून काड्यांची लागतात, आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा उलट. मुरासेनं स्वतःच्या घरची दारं गेल्याच महिन्यात बदलली होती, कंबर धरली होती त्यापायी. पण इतक्या सवयीची गोष्ट कुणाच्या ध्यानात येणार?

"अहो, चाळणीत पाणी ओतत होतो मी!" तो ओरडला. "खर्ज काड्यांतून बागेत पळत होता, आणि मी आपला वाढवतोय! दारं बदलली हे सांगायचं नाही?"

"दारं बदलली हे काय सांगायचं असतं?" ओकुदा म्हणाले. "आणि तुम्ही कुठले, परगावचे?"

मुरासे हसायला लागला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं, माझे कान गेले."

"तुमचे? मी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय! मला वाटलं माझेच गेले."

मग त्यानं ओकुदांचे दोन लोकरी मफलर मागून घेतले आणि गुंडाळी करून पेट्यांच्या मागे खर्जासाठी ठेवलेल्या भोकांत खुपसले. दार लावलं. चेलो शहाण्यासारखा वाजू लागला.

"आठवड्याभरात नीट बुचं करून देतो. वहिनी, जूनमध्ये दारं काढाल तेव्हा बुचंही काढायची. माळ्यावर दारांपाशीच ठेवा, म्हणजे विसरणार नाही."

"आणि तोवर माझ्या गळ्याचं काय?" ओकुदांनी विचारलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

मुरासे घरी येऊन बूट काढतोय तोच स्वयंपाकघरातून फुमिएची आरोळी आली, "काय झालं हो?" तीन घरं पलीकडे गेली असेल.

"ओरडू नकोस. येतंय मला ऐकू."

आतली सुरी थांबली. मग तिनं अगदी हळू, पूर्वी बोलायची तसं विचारलं, "म्हणजे कारखाना बंद नाही ना करायचा?"

"नाही."

ती हात पुसत बाहेर आली, आणि त्याच फडक्यानं तिनं डोळे पुसले.

"मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "लक्ष नसतं तुमचं."