आता बरे आहेत

गेल्या महिन्यात वैजनाथच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "वेडाशी झुंज देऊन उभा राहिलेला माणूस!" लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझीही मान हलली... त्या हललेल्या मानेपायी हे लिहितो आहे. वैजनाथला कधीच काही झालं नव्हतं. डोक्याच्या डॉक्टरचा पेशंट मी होतो.

माझंही नाव वैजनाथच. परळीत ज्योतिर्लिंगाच्या पायाशी जन्मलेल्या दर दुसऱ्या पोराचं असतं. एका वर्गात आम्ही दोघं होतो. पुढे मी शिक्षक झालो, 'मास्तर' झालो, आणि नाव त्याच्याकडे राहिलं. थर्मल वीजकेंद्राच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावात केबल आली आणि केबलवाल्याला गणपतीत दाखवायला स्वतःचा विनोदी सिनेमा काढायची हौस आली. कॅमेरा भाड्याचा. गोष्ट अशी की, वेड्यांच्या डॉक्टरकडे राखेच्या ट्रकचा ड्रायव्हर येतो आणि शेवटी पेशंटच डॉक्टरला बरं करतो. माझी भाषा शुद्ध, म्हणून मी डॉक्टर; ड्रायव्हर वैजनाथ. "तुम्हाला झोप लागते का?" एवढं साधं वाक्य म्हणताना मी तीनदा अडखळलो, चौथ्यांदा फाईलच उलटी धरली. सगळ्यांना ती ॲक्टिंग वाटली. वैजनाथ मात्र टेबलावरून वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, तुलाच झोप न्हाई ना बे?"

नव्हती. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो, वळायची भीती वाटायची. त्यात मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव चाललं होतं. वैजनाथ मला अंबाजोगाईला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दवाखान्यात बाकावर आमच्याच गल्लीतला एक माणूस आईला घेऊन बसलेला. कंपाउंडरने हाक मारली, "वैजनाथ, परळी!" मी मान खाली घालून बसून राहिलो. वैजनाथ झटकन उठला. "आलो की! डोस्कं लई गरम हाय माझं," असं त्या माणसाला ऐकवत आत शिरला आणि डॉक्टरांना म्हणाला, "पेशंट भाईर बसलाय, सायेब. मी नुस्तं नाव हाय." डॉक्टर हसले आणि त्यांनी मला मागच्या दाराने आत घेतलं. त्यांच्या गोळ्यांनी मी माणसात आलो.

पण वैजनाथचं डोकं फिरल्याची बातमी गावभर झाली होती. सिनेमा लागला तेव्हा लोक पोट धरून हसले, "याला ॲक्टिंगची गरजच काय!" वैजनाथही हसला. मी उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो... आणि मुख्याध्यापक झालो.

मग त्याच्या लेकीला, सुमनला, चकलांब्याहून स्थळ आलं. चहा पिता पिता मुलाचे मामा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "गुरुजी, तुमी जबाबदार माणूस. ह्यांच्या डोक्याचं कायबाय ऐकलं, ते कसं हाय?" वैजनाथ माझ्याकडे बघत होता. नजरेत विनवणी नव्हती, नुसतं वाट पाहणं होतं. तो पेशंट मी, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आता बरे आहेत."

मामांनी कप खाली ठेवला. स्थळ मोडलं. पाहुण्यांना पोचवून आल्यावर वैजनाथ म्हणाला, "डायलॉग चुकलास बे मास्तर." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, दुकानात मला चहा पाजायचाही थांबला नाही. सुमनचं पुढे परळीतच लग्न झालं, संसार नीट आहे. पण वैजनाथ कुणाशी भांडायला उभा राहिला की समोरचा म्हणायचा, "आज गोळी घेतली न्हाई वाटतं." मग तो माघार घ्यायचा. खरी बाजू त्याची असली तरी.

शोकसभेनंतर दुकानात गेलो. ते आता सुमनच बघते. तिला सगळं सांगितलं. ती टायरवरची राख पुसत होती. हात थांबला नाही.

"मी दाराआड होते, काका. पेशंट तुमी, हे बाबांनी मला तवाच सांगितलं होतं. तुमचं नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं. नुस्तं 'बरे हायेत' म्हणायचं. 'आता' कावून म्हणालात?"

गल्ल्यामागे वैजनाथची खुर्ची रिकामी होती, पाठीवर त्याचा टॉवेल. त्या खुर्चीवर सुमन बसत नाही, स्टूल ओढून घेते. ती मला 'बसा' म्हणाली नाही. मी उभाच राहिलो.