मसाईची ओटी

आटपाट शारजा होती. तिथं अल नहदात माझा मुलगा दिलीप, सून वैशाली, नात रिया आणि मी राहत होतो. बिल्डिंगखालीच दिलीपचं सफारीचं ऑफिस. लोकांना केनियाला धाडायचं आणि सिंहांनी न खाता परत आणायचं. पण गिऱ्हाईक येईना.

"आई, हा सीझन गेला तर खलास. ऑफिसची चावी द्यायची आणि गावी जायचं."

"आय ॲम नॉट गोइंग!" रिया ओरडायची.

मी दुपारी त्या ऑफिसात बसते. किस्से इतके साचलेत, की एक सांगायला घेतला की मागचे धक्काबुक्की करतात!

*

जोसेफ हा तिकडचा गाइड. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "जांबो, मामा!"

मी आणि मामा? दिलीप म्हणाला, "अगं, त्यांच्यात आईला मामा म्हणतात."

मग तो दिलीपला काका म्हणाला. काका म्हणजे भाऊ! तेवढ्यात वैशाली चहा घेऊन आली, तर तिला "दादा!" दादा म्हणजे बहीण.

वैशाली म्हणाली, "या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला दादा मानलं!"

*

सिलिकॉन ओएसिसचे एक इंजिनियर आले. दिलीपनं नकाशा उघडला. "सर, ही रिफ्ट व्हॅली. इथं जमीन फाटत चाललीय. आफ्रिकेचे दोन तुकडे होणार."

"आमचं हॉटेल कुठल्या तुकड्यात?"

"या."

"आणि एअरपोर्ट?"

"त्या."

साहेब उठलेच. "मग परत कसे येणार?"

"सर, त्याला लाखो वर्षं लागतील!"

"तेच म्हणतोय मी! सुट्टी एकाच आठवड्याची आहे!"

*

एक मॅडम परत येऊन भांडल्या. "विषुववृत्त दाखवलंच नाही!"

"फोटोत त्याच्याच बोर्डाखाली उभ्या आहात की."

"बोर्ड दिसला हो. रेषा कुठाय? शाळेच्या नकाशात केवढी ठळक होती!"

दिलीपनं जोसेफला सांगून चुन्याची रेषा मारून घेतली. पुढच्या ग्रुपची तक्रार आली, "वाकडी आहे!"

*

अल बर्शाच्या साहेबांचा तर थेट नदीकाठावरून फोन. हजारो वाइल्डबीस्ट, म्हणजे तिकडची रानगुरं, नदी ओलांडतात, ते बघायला गेले होते. "सकाळपासून नुसते उभे आहेत! एकही उडी मारत नाही. उद्या माझी मीटिंग आहे. त्यांना यल्ला, चला लवकर, म्हणा!"

मी फोन घेतला. "भाऊ, तुम्ही नहदाच्या सिग्नलला तासभर उभे असता, तेव्हा मी कुणाला फोन करते का?"

साहेब चिडले. न बघताच परतले आणि सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं, तिकडची जनावरं कामचुकार आहेत. होती ती बुकिंगंही गेली. दिलीप चावी हातात घेऊन नुसता बसून राहायला लागला.

*

उरला एकच ग्रुप. कोल्हापूरकडच्या माई, लेकासुनांसकट. दिलीप आपला नेहमी 'द मारा, द मारा' करायचा. पुरं नाव मी माईंच्या तोंडून ऐकलं, "मसाई मारा."

"मसाई?" मी उडालेच. "आमच्या पन्हाळ्याच्या पठारावरची? आणि देवीला मारा म्हणता? जिभेला काही हाड!"

दिलीपनं कपाळाला हात लावला. "आई, मसाई तिथले लोक. मारा ही नदी."

"म्हणजे नाव देवीचंच ना? आणि तुम्ही माणसं रिकाम्या हातानं धाडता? मग जनावरं कशाला हलतील!"

मी हिरवा खण, बांगड्या, नारळ, मूठभर तांदूळ बांधून माईंना दिलं.

"आजी, लायन्स डोन्ट ईट कोकोनट!" रिया म्हणाली.

नदीकाठी माईंना देऊळ काही सापडलं नाही. पण त्यांची गाडी चालवणारी बाई मसाई होती. माईंनी गाडीतच तिला कुंकू लावलं आणि तिचीच ओटी भरली. तिनं हसत बांगड्या चढवल्या, खण खांद्यावर टाकला, नारळ कानाशी हलवून बघितला.

आणि पलीकडं पहिल्या जनावरानं धाडकन उडी घेतली! मागोमाग अख्खा कळप! लेकानं काढलेल्या व्हिडिओत नदी कमी दिसते, माईच जास्त ऐकू येतात, "मसाईच्या नावानं चांगभलं!"

व्हिडिओ नहदापासून बर्शापर्यंत फिरला. दुसऱ्या दिवशी फोन थांबेनात. "तेच पॅकेज पाहिजे. ओटी इन्क्लूडेड!" बर्शाच्या साहेबांनीही फोन केला, बुकिंग बायकोच्या नावावर.

चावी आता माझ्या कमरेला असते. काल जोसेफचा घाईघाईनं कॉल आला.

"मामा, सिंहीण झाडाखाली झोपलीय, उठतच नाही. तिची ओटी कशानं भरायची?"