विमानाला चाकं असत्यात

विमानातून शेकडो उड्या मारलेला हा माणूस माडीवरून खाली येताना मात्र भिंतीला हात लावून, जपून उतरायचा. कोरेगावजवळच्या माझ्या आजोळी त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. फौजेत ते जवानांना पॅराशूटच्या उड्या शिकवत आणि तिथे शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला, दारात म्हशी बांधल्या. नाव तेवढं तेच राहिलं. जिन्यावरून कोणी हसलं तर ते चिडत नसत. “हितं छत्री हाय का पाठीवर?” एवढंच विचारत.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते, एनसीसीत. पॅराशूट उडीच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. घरी पेढे वाटले, कॉलेजच्या फळ्यावर नाव लागलं आणि त्याच आठवड्यापासून माझी झोप उडाली. घास उतरेना. डोळे मिटले की विमानाचं उघडं दार दिसायचं. आता नाही म्हणायची सोय नव्हती, सगळ्या ओळखीच्यांना कळलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला उस्तादांच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

“भ्या वाटतंय व्हय गं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी ठासून म्हणाले.

“मग जा घरी. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याला मी शिकवत न्हाई. त्यो छत्रीच्या दोरीची कडी नीट तपासत न्हाई.”

बसल्या जागी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून त्यांनी आत बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, हाक मारली, “च्या टाक गं! पोरगी खरं बोलाय लागली.”

दुसऱ्या दिवसापासून उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवरून उड्या सुरू झाल्या. खाली नांगरलेलं रान. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये रुमाल धरायचा. तो सुटला की उडी बाद. माझी खोड अशी, की मी खाली बघायची आणि पाय पुढे करून जमीन शोधायची. “जमीन यायचीच हाय,” उस्ताद बांधावरून ओरडत, “तिला बोलवाय जाऊ नगंस. म्होरं बघ!” समोर जरंडेश्वराचा डोंगर होता. त्याच्याकडे बघत मी किती वेळा आदळले असेन कोण जाणे. चार दिवसांत अंगावर निळे डाग उठले आणि सपाटून भूक लागायला लागली.

उडी मारायच्या आधी माझा श्वास कोंडायचा. एका सकाळी त्यांनी मला पाणी तापवायच्या चुलीपुढे बसवून हातात फुंकणी दिली. “फुंक. लांब फुंक.” मला राग आला. विमानातून उडी शिकायला आलेल्या मुलीला शेवटी चुलीपुढेच बसवलं म्हणून. पण दहाबारा फुंका मारल्यावर जाळ लागला आणि माझ्या लक्षात आलं, छातीतली धडधड खाली बसली होती. “घाबरलेलं मानूस नुसता श्वास आत घेत बसतंय,” ते म्हणाले. “आपुन भाईर सोडायचा. आतला आपसूक येतोय.”

माझ्या शंकांना अंत नव्हता. छत्री उघडली नाही तर? दोऱ्या पिळल्या गेल्या तर? त्यांनी एकही शंका उडवून लावली नाही. माझ्या छातीवर एक रिकामं पोतं बांधलं, त्याला दोरीची मूठ शिवली आणि जादाच्या छत्रीची मूठ कशी ओढायची, ते डोळे मिटून हात आपोआप जाईपर्यंत करून घेतलं. शेवटची शंका मी निघायच्या आदल्या दिवशी विचारली. “आणि दारात उभी राहिल्यावर पायच उचलला नाही तर?”

ते म्हशीला पेंड घालत होते. मागे न वळता म्हणाले, “मग बसून ऱ्हा. विमानाला चाकं असत्यात. परत उतरतंय.”

कित्येक दिवसांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

शिबिरात विमानाचं दार उघडलं तेव्हा आवाजाने कान भरून गेले. माझ्यापुढच्या दोघी दिसेनाशा झाल्या. मी कडी तपासली, पुन्हा तपासली, तोंडाने लांब फुंकर सोडली. पाठीवर थाप पडली आणि मी गेले. मग एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत कोणीतरी मोठ्याने हसत होतं, ती मीच होते.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला. मला शाबासकी हवी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या मागं कोन हुतं?”

माझ्या मागे विदर्भातली एक मुलगी होती. ती दारापर्यंत आली आणि परत जाऊन बसली. विमानाबरोबर खाली उतरली, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून होती.

“आज तिच्यासंगं जेव. उडीचा इषय काढू नगंस.” मग म्हणाले, “माझी पैली उडी अशीच ऱ्हायली हुती गं. खाली आल्यावर माझ्या ताटाशेजारी कुनी बसंना. दुसऱ्या दिशी मारली मी. पर त्ये जेवान अजून ध्यानात हाय.”

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही तिच्या घरच्या संत्र्यांविषयी बोललो. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढची जागा मागून घेतली आणि उडी मारली. अजून दर दिवाळीला तिचा फोन येतो.

पुढे मी सांगलीच्या एका शाळेत शिक्षिका झाले. परीक्षेला थरथरणाऱ्या मुलांना ‘घाबरू नका’ असं मी कधी सांगत नाही. भीती वाटते का, ते विचारते आणि थांबते.

गेल्या वर्षी उस्तादांच्या हृदयाचं ऑपरेशन साताऱ्यात ठरलं. मी पहाटेची एसटी पकडून गेले. “लय भ्या वाटतंय गं,” ते नर्ससमोर मोठ्याने म्हणाले, किती वाजले ते सांगावं तसं. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी नुसता त्यांचा हात धरला. तळवा गार आणि ओला होता. स्ट्रेचर निघालं तशी एका बाजूने काकी, दुसऱ्या बाजूने मी चालत राहिलो.

ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. अंत्ययात्रेला सारा गाव लोटला, जुने फौजी तालुक्याबाहेरूनही आले. पण मला आठवतं ते त्या ऑपरेशन थिएटरचं दार. तिथे आम्हाला थांबायला सांगितलं, तेव्हा त्यांनी काकींच्या हातावर दोनदा थोपटलं, माझ्या मुठीतून आपली बोटं हळूच सोडवून घेतली आणि म्हणाले,

“तुमी हितंच थांबा. फुडं माझं मी बघतो.”