डब्लिनच्या काचेमागे वोलिनची वेल

आयर्लंडमधल्या गॉलवेहून निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मागच्या सीटवर आई दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. २०२१चा मे सरत आला होता. कोरोनामुळे घातलेली जिल्हा ओलांडायची बंदी उठली, संग्रहालयं उघडली, आणि शेजारच्या दानुतानं विचारलं, डब्लिनला नेशील का? आई आदल्या वर्षी अमरावतीहून थोड्या दिवसांसाठी आली होती, ती इथेच अडकली. तिलाही बाहेर पडायचं होतं.

दानुता पोलंडमधल्या वोलिनची. इथे ती स्वयंपाकघरातले 'प्रेस' (कपाटाला इथला शब्द) बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. तिचे वडील लाकूड कोरायचे. वोलिनच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती बनवायचे. हिवाळ्यात ते गेले. दानुताला जाता आलं नाही, दफन तिनं फोनवर पाहिलं. त्यांच्या थडग्यापाशी उभा करायचा लाकडी खांब आपणच कोरायचा, असं तिनं ठरवलं होतं. पण पटाशी उचलली की तिचा हात थांबायचा.

अॅथलोनच्या पुढे चहासाठी मोटरवे सोडला आणि गावरस्त्यावर टायर बसला. एक ट्रॅक्टरवाला थांबला, काही न विचारता जॅक लावू लागला. आईनं त्याला दशमीवर ठेचा घालून दिला. तो लालबुंद झाला, तरी 'ग्रँड' म्हणाला. या एका शब्दात इथे छान, ठीक, चालेल सगळं येतं. दुसरी दशमी त्यानं ठेच्याशिवाय घेतली.

संग्रहालयात पोचेपर्यंत प्रवेशासाठी आधी नोंदवलेली आमची वेळ उलटून गेली होती. दारावरच्या बाईंना मी टायरची हकीकत सांगितली. आत गर्दी नाहीच, या, म्हणाल्या.

व्हायकिंगांच्या दालनात, जुन्या डब्लिनच्या मातीतून निघालेल्या लाकडी वस्तूंसमोर दानुता उभी राहिली ती हलेना. बोटभर जाड लाकडावर लांबलचक अंगाचा प्राणी कोरलेला होता. त्याची शेपूट वेलीसारखी फुटून त्याच्याच मानेभोवती गेली होती. मास्कमुळे तिचा चष्मा सारखा धुरकट होत होता. पुसून पुसून ती पाहत होती.

मग ती हळूहळू बोलू लागली. वोलिन हे हजार वर्षांपूर्वी स्लाव लोकांचं, म्हणजे तिच्या पूर्वजांचं, बंदर. उत्तरेकडून व्हायकिंगांच्या नावा यायच्या, माणसं उतरायची, काही तिथेच राहायची. त्यांच्या गुंफलेल्या पट्ट्या आणि एकमेकांना धरून बसलेले प्राणी तिथल्या कारागिरांनी उचलले, सुरीच्या मुठींवर आणि शिंगाच्या वस्तूंवर आपल्या पद्धतीनं कोरले. अमुक वस्तू कुणाच्या हातची, यावर जाणकार अजून भांडतात. "बाबा म्हणायचे, नक्षी नावेतून आली, पण लाकूड आमच्या जंगलातलं होतं," ती म्हणाली. "हे वळण ते डोळे मिटून काढायचे. माझं वळण चुकतं. त्यांच्या थडग्यावर वाकडी रेघ कशी उभी करू?"

आईनं मला विचारलं, का म्हनते ते? मी सांगितलं. आई काचेजवळ गेली, बराच वेळ पाहत राहिली. महिन्यापूर्वीच तिची मोठी बहीण, तिची ताई, अमरावतीत दुसऱ्या लाटेत गेली होती. तिलाही जाता आलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती घरात एक शब्दही बोलली नव्हती.

"तिले सांग," ती म्हणाली, "हे बी वाकडंच हाय. इथं पाह्य, शेपटी चुकली हाय त्याची. आन् बाप का लेकीच्या रेघा मोजत बसन? आपल्याले जाता नाई आलं. हातानं काही तरी पाठवाव मानसानं."

मी भाषांतर केलं. दानुता खाली वाकून त्या शेपटीकडे पाहू लागली. शेपूट खरंच चुकली होती. वळण पुरं करायला जागा न उरल्यानं कोरणाऱ्यानं ती आखडती घेतली होती. दानुता हसली आणि तिथेच रडली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग स्वतःचेही डोळे पुसले, ताईच्या बातमीनंतर पहिल्यांदा.

परतताना दानुतानं एका लाकडाच्या वखारीपाशी गाडी थांबवायला लावली. ओकचा खांब पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आडवा घालावा लागला. गॉलवेपर्यंत आई त्याच्यावर हात ठेवून बसली होती.

जुलैभर भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज येत राहिला. उन्हाळा संपता संपता दानुता तो खांब मागून घेतलेल्या गाडीवर बांधून बोटीनं पोलंडला निघाली. मग वोलिनहून फोटो आला: ओल्या मातीत खांब उभा, त्यावर वेल होत गेलेला एक प्राणी. आईनं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, चांगला झाला. मग तिनं मला अमरावतीला फोन लावायला सांगितला. ताईच्या मुलांशी तिला बोलायचं होतं.