मामा, काका आणि शून्य रागाची पंगत

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच की तुम्ही, पण चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि मंगळवार पेठेत माझ्याइतकं हुशार कुणी न्हाय असा माझा ठाम समज. त्यातच ताईचं लग्न निघालं. आईला एकच घोर, मामा आणि थोरले काका. काकांनी गाभण म्हणून मामाच्या गळ्यात मारलेली म्हैस भाकड निघाली, तेव्हापासनं दोघांचं बोलणं बंद. मामानं बजावलं होतं, "त्येच्या शेजारी पान मांडलं तर मी ताटावरनं उठून जाणार." वरपक्षासमोर मामा उठला म्हणजे आमचं नाक कापलंच की.

मी म्हटलं, आई, निवांत रहा, मानाची पंगत माझा कॉम्प्युटर बसवणार. माझा प्रोजेक्टच तसला होता. ज्याचा त्याचा हट्ट म्हणजे एक नियम. 'आणि' म्हणजे सगळे पाळायचे, 'किंवा' म्हणजे एक पाळला तरी चालेल, असल्या गेटांनी सगळे नियम जोडायचे, झालं सर्किट तयार. प्रोग्रॅम दोघादोघांच्या जागा बदलून बघणार, नियम किती मोडले ते मोजणार आणि आकडा शून्य झाला की थांबणार.

बटण दाबलं, आणि पहिल्याच फटक्यात शून्य! मी खोलीभर नाचलो. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. कोण कुठं बसलंय ते वाचायची तसदी कोण घेतो? शून्य आलंय म्हटल्यावर!

लग्नादिवशी बघतो तर मामा आणि काका मांडीला मांडी लावून. धुराचा त्रास असलेली आत्या नेमकी आचाऱ्याच्या चुलीजवळ. अख्खी पंगत धुमसत होती. खूश एकच माणूस, भाऊआजोबा. त्यांना चुलीत बसवलं तरी "झ्याक हाय" म्हणतील.

तिथं माझी ट्यूब पेटली. 'किंवा'ला सगळ्यात कमी चूक धरायची, कारण एक जमलं तरी भागतं. 'आणि'ला सगळ्यांच्या चुकांची बेरीज करायची. मी दोन्हीकडं सगळ्यात कमीच धरली होती. थोडक्यात काय, साऱ्या भावकीचा राग मी एकट्या भाऊआजोबांवरनं मोजला होता.

मामा उठायला लागला. आई पांढरीफटक. मी धावत जाऊन म्हटलं, मामा, काकांचा काय दोष न्हाय, हे सगळं माझ्या कॉम्प्युटरनं बसवलंय.

मामा थांबला. मग कितीतरी वर्षांनी काकांकडं वळून म्हणाला, "पावणं, तुमचा पुतण्या बी तुमच्या म्हशीवरच गेलाय की. दिसायला गाभण, आतनं भाकड."

काकांच्या नाकातनं मठ्ठा आला. मामा खाली बसला. काकांनी आग्रह करकरून त्याला जिलेबी वाढली, चुलीजवळनं आत्याही माझा उद्धार करायला येऊन बसली. पंगत उठली तेव्हा खरोखर कुणाचा कुणावर राग न्हवता. सगळा माझ्यावर! आई डोळे पुसत हसत होती, आणि मला तर मैदान मारल्यागत वाटत होतं.

आजही नात्यात कुणाचं बिनसलं की पंगत मांडायला मलाच बोलावणं येतं. मी सांगतो, प्रोग्रॅमची चूक मी कधीच दुरुस्त केलीय.

मामा म्हणतो, "तो नगं. जुनाच आण."