गळ्यातलं कार्ड

सातवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं नव्हतं, की पुढं शिकलेल्या लोकांची काचेची भांडी धुवायला परभणीहून एवढं लांब येईन. नवऱ्याला कानडी मुलखात, होसकोट्यात काम मिळालं, आणि मी तिथून जवळच महादेवपुरातल्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी म्हणून लागले. बीकर, नळ्या, बशा धुवायच्या, सुकवून जागेवर ठेवायच्या.

आमच्या प्रयोगशाळेत सुदानची एक मुलगी पीएचडी करत होती. एकदा माझ्या हातावर ॲसिड सांडलं, तेव्हा सगळे नुसते ओरडत होते. हिनं माझा हात नळाखाली धरून ठेवला, मग रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला ती अक्का म्हणायची. ते उपकार मी विसरले नाही.

गेटावर कार्ड बघून आत सोडायचा नियम होता. विचारायचे मात्र आम्हा कंत्राटी बायकांना आणि तिला. आम्हाला साडीवरून ओळखायचे, तिला रंगावरून. आमचं चटकन उरकायचं. तिची पिशवी उलटीपालटी करायचे, वर फोन लावायचे. तीन वर्षं हेच. एका सकाळी तिला पाऊण तास उभं केलं, आणि तिनं महिनाभर बशांत जपलेल्या पेशी वेळेवर खाणं न मिळून मेल्या. त्या बशा मीच धुतल्या. शेजारी स्टुलावर बसून ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "अक्का, मी परत जाते घरी."

बाकीच्या पोरापोरींनी ते ऐकलं. संशोधक जमले, प्राध्यापक जमले. ठरलं, की सोमवारी सगळ्यांनी गेटावर रांग लावायची. तिची होते तशी तपासणी प्रत्येकाची करा, नाहीतर कुणाचीच नको. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही येणार?"

मी "बघते" म्हणाले. गार्ड आणि आम्ही एकाच ठेकेदाराचे. सुपरवायझरनं आधीच बजावलं होतं, "रांगेत दिसलीस तर उद्यापासून येऊ नकोस." नवरा म्हणाला, "मोठ्यांच्या भानगडी त्या. तू आपली भांडी धू."

सोमवारी मी मान खाली घालून बाजूनं आत शिरायचं ठरवूनच निघाले. रांग बसथांब्यापर्यंत गेलेली. आणि पुढं वेगळाच घोळ. प्राध्यापकांकडं कार्डंच नव्हती. कधी कुणी मागितलीच नव्हती ना. एक पांढऱ्या केसांचे सर बॅग उपसत होते.

गार्ड अवघडून म्हणाला, "सर, कार्ड नसेल तर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहा."

"अरे, मी इथं बावीस वर्षं आहे."

"असाल सर. पण वरून सांगितलंय."

ती सुदानची मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तेवढ्यात कुणीतरी हाक दिली, "ज्यांच्याकडं कार्ड आहे ते पुढं या." बाकीच्या कंत्राटी बायका कधीच बाजूनं आत गेल्या होत्या; कार्ड गळ्यात होतं ते तिच्या आणि माझ्या. तिनं माझा हात धरला, तोच भाजलेला. मग कसली बाजूनं जाते मी? तिच्या शेजारी पुढं उभी राहिले. सुपरवायझर गेटाआडून बघत होता. मॅडम मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला ऐकू जाईल अशा बोलल्या, "आधी यांना तपासा, मग मला."

संचालक स्वतः खाली आले. त्यांचंही कार्ड नव्हतं.

दुपारपर्यंत लेखी हुकूम निघाला, की कार्ड सगळ्यांचं बघायचं आणि पिशवी कुणाची उघडायची नाही. तरी मॅडम आणि ते सर हलेनात. रांगेत उभं राहिलं म्हणून कुणाला कामावरून काढणार नाही, ही ओळ घातल्यावरच ते आत गेले. ती ओळ माझ्यासाठी होती.

सुपरवायझर अजून माझ्याशी धड बोलत नाही. गेट आलं की मी अजून कार्ड आधीच हातात धरते. पण परवा मोरीजवळच्या कट्ट्यावर बशांचा ट्रे दिसला, म्हणून मी सवयीनं धुवायला हात घातला. ती धावत आली.

"नको अक्का, या जिवंत आहेत."