फिटरकाकांची मान

निवृत्त झाल्यावरही फिटरकाकांना बिघाड शोधायला कारखान्यात बोलावत. चालू यंत्रांच्या मधोमध ते उभे राहत, मान इकडेतिकडे वळवत आणि बोट दाखवत. बेअरिंग तिथलंच गेलेलं असायचं.

त्या दिवशी त्यांचा पुतण्या, तिथला सुपरवायझर, हेडफोन घेऊन आला. "काका, गंमत बघा. अख्ख्या शेडचा आवाज यात भरलाय."

काकांनी हेडफोन चढवला आणि चाटच पडले. डावीकडे खडखड होती. मान तिकडे वळवली तर खडखड बरोब्बर नाकासमोर आली. खऱ्या शेडमधल्यासारखाच आवाज जागचा हलला नव्हता. पुतण्या एकेक बिघाड ऐकवत गेला. त्याने खुर्ची पुढे केली, पण "बसून कान लागत नाही" म्हणत काका तीन तास उभेच राहिले. एकही बिघाड चुकला नाही.

"उद्या किती वाजता येऊ?"

पुतण्या खाली बघत म्हणाला, "आता यायला नको, काका. तुमची मान कधी, किती वळते ते हेडफोनने टिपलंय. नवी माणसं त्यावरून शिकतील."

"सांगून मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

"दिलं असतं. पण मन लावून केलं नसतं, असं साहेबांना... मलाही वाटलं."

काम गेल्याचं काकांना तेवढं लागलं नाही. याच पोराला पाना धरायला त्यांनी शिकवलं होतं.

"माझ्या हातचा एक तरी नट अर्धवट आवळलेला पाहिलास का रे?"

काकांनी घामेजलेला हेडफोन रुमालाने स्वच्छ पुसला, टेबलावर ठेवला आणि ते निघाले.